विधिग्रंथालयाचे वृत्त आणि दूरचा विद्यार्थी

१

ग्रंथालयाने वाचकांसाठी काढलेल्या वृत्तपत्रकाकडे समीक्षकाची दृष्टी सहसा वळत नाही. सूचनाफलकावर टाचलेला एखादा कागद, सत्राच्या आरंभी निघणारे चार पानांचे पत्रक, अथवा अलीकडे विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर येणारा संदेश, एवढेच त्याचे रूप असते. वाचून झाल्यावर तो कागद कोणी जपून ठेवीत नाही. तथापि विधिशाखेच्या ग्रंथालयापुरते बोलावयाचे तर हे पत्रक परीक्षणास पात्र आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एखादे ग्रंथालय आपल्या कार्याविषयी काय समजते, याचा उलगडा त्याच्या नियमावलीतून फारसा होत नाही. ते कोणती गोष्ट वाचकाला ‘बातमी’ म्हणून सांगण्याजोगी मानते, त्यावरून तो होतो.

येथे कोणत्याही विवक्षित ग्रंथालयाचा दोषाविष्कार करावयाचा नाही. विद्यापीठीय विधिग्रंथालयांची वृत्तपत्रके ज्या सर्वसाधारण साच्यात निघतात, तो साचा आणि त्यामागील ‘सेवा’ ही कल्पना, एवढाच विवेचनाचा विषय आहे. हे विवेचन हवेत राहू नये यासाठी एक निश्चित वाचक डोळ्यांपुढे ठेवला आहे. तो सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात, नातेपुते येथे राहणारा विधिशाखेचा विद्यार्थी होय. नातेपुते हे संत ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीच्या मुक्कामाचे गाव. तेथून पुणे काय किंवा सोलापूर काय, दोन्ही शंभर किलोमीटरांहून अधिक दूर. विधिग्रंथालयाच्या वाचनकक्षात रोज येऊन बसणे ज्याला शक्य नाही, अशा वाचकाच्या हाती त्या ग्रंथालयाचे काय पडते, ही सेवेची खरी कसोटी आहे.

२

विधिग्रंथालय इतर ग्रंथालयांहून कोणत्या बाबतीत वेगळे, हे प्रथम पाहिले पाहिजे. इतिहासाचे अथवा काव्याचे जुने पुस्तक जुने झाल्यामुळे खोटे ठरत नाही. विज्ञानाचे पुस्तक हळूहळू मागे पडते. विधीचे पुस्तक मात्र एका मध्यरात्री मागे पडू शकते. १८६० साली संमत होऊन १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आलेली भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ रोजी जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता, २०२३ आली. त्याच दिवशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या अधिनियमाच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. पाचशे अकरा कलमांची संहिता तीनशे अठ्ठावन्न कलमांत आली आणि क्रमांक सर्वस्वी बदलले. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते. ते आता १०३ आहे. नव्या संहितेतही ३०२ क्रमांकाचे कलम आहे, पण ते धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेल्या शब्दांविषयी आहे. फसवणुकीचा ४२० हा आकडा मराठी बोलीत शिवी होऊन बसला. नव्या संहितेत तेवढी कलमेच नाहीत आणि तो विषय कलम ३१८ मध्ये गेला आहे.

यावरून कोणी असे म्हणेल की, मग जुनी पुस्तके फळीवरून काढून टाकावीत. परंतु तेही चुकीचे ठरेल. १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधाला जुनीच संहिता लागू आहे. नव्या संहितेच्या शेवटच्या, म्हणजे ३५८ व्या कलमातच तशी व्यावृत्ती आहे. जुन्या अपराधांचे खटले आणि त्यांवरील अपिले पुढील अनेक वर्षे चालतील, तोपर्यंत जुनी भाष्ये वकिलाला लागणारच. अर्थात विधिग्रंथालयातील जुने पुस्तक एकाच वेळी अवश्य असते आणि धोक्याचेही असते. कोणत्या प्रश्नासाठी ते प्रमाण आहे आणि कोणत्या प्रश्नासाठी नाही, हे त्या पुस्तकावर कोठेही छापलेले नसते. ते बाहेरून कोणीतरी सांगावे लागते.

हे सांगणे हीच विधिग्रंथालयाची मुख्य बातमी होय. इतर ग्रंथालयात नवे पुस्तक आले ही बातमी असू शकते. विधिग्रंथालयात जुन्या पुस्तकाचे काय झाले, ही त्याहून मोठी बातमी आहे.

३

या दृष्टीने प्रचलित वृत्तपत्रक पाहिले तर त्यातील मजकूर साधारणतः तीन प्रकारचा आढळतो. पहिला प्रकार नव्या ग्रंथांच्या यादीचा. ही यादी ग्रंथनाम, ग्रंथकार, आवृत्ती व दाखल क्रमांक अशा क्रमाने येते. तिचा उपयोग नाही असे नाही; परंतु ती दाखल नोंदवहीची नक्कल असते. खरेदी झाली हे ती सांगते. एखाद्या भाष्याची नवी आवृत्ती कोणत्या तारखेपर्यंतचे सुधारणा अधिनियम विचारात घेते, हे सांगत नाही. विधीच्या पुस्तकाविषयी वाचकाला जे सर्वप्रथम कळले पाहिजे, तेच नेमके यादीतून गळते.

दुसरा प्रकार वेळापत्रकाचा व नियमांचा. वाचनकक्ष किती वाजता उघडतो, देवघेव विभागातून किती पुस्तके किती दिवस मिळतात, विलंबशुल्क किती, परीक्षाकाळात वेळ किती वाढविली, इत्यादी. ही माहिती आवश्यक आहे. परंतु ती ज्याला पाहिजे तो वाचक जिन्याखालीच उभा असतो. नातेपुते येथील विद्यार्थ्याला वाचनकक्ष रात्री दहापर्यंत उघडा राहणार या वार्तेने काहीच लाभ होत नाही.

तिसरा प्रकार अलीकडचा. अमुक विद्युतीय निर्णयसंग्रहाची वर्गणी भरली असून विद्यार्थ्यांनी लाभ घ्यावा, अशी ती सूचना असते. दिसायला हीच सर्वांत पुढारलेली सेवा. मात्र अशा संग्रहात शोध कसा घ्यावा, कोणत्या शब्दाने घ्यावा, मिळालेला निर्णय पुढे कायम राहिला की फिरला हे कसे पाहावे, यांविषयी पत्रक सहसा मौन पाळते. विहीर खणून दिली आणि पोहरा दिला नाही, असा हा प्रकार आहे.

असे का घडते? याचे एक कारण आपण ग्रंथालयाला ज्या मापाने मोजतो, त्यात आहे. भारतीय विधिज्ञ परिषदेच्या २००८ च्या विधिशिक्षण नियमांत ग्रंथालयाची किमान अपेक्षा घालून दिली आहे. केंद्रीय व स्थानिक अधिनियम, ऑल इंडिया रिपोर्टरसारखे निर्णयसंग्रह, नियतकालिकांचे निदान मागील दहा वर्षांचे खंड, नोंदलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे दहा पाठ्यपुस्तके, आणि दरवर्षी एका अभ्यासक्रमासाठी किमान पन्नास हजार व दोन्हींसाठी किमान एक लाख रुपयांचा खर्च, अशी ती अपेक्षा आहे. ही किमान मर्यादा घातली हे योग्यच झाले. तीही नसती तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. परंतु या मापात ग्रंथ मोजले जातात, रुपये मोजले जातात, खंडांची वर्षे मोजली जातात. वाचकाच्या एका प्रश्नाला उत्तर मिळण्यास किती वेळ लागला, हे मोजले जात नाही. जे मोजले जाते तेच पत्रकात उतरते. म्हणून आपली वृत्तपत्रके तपासणी समितीला उद्देशून लिहिल्यासारखी वाटतात आणि विद्यार्थी त्यांतील तिऱ्हाईत ठरतो.

डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्याला एका स्वतंत्र सूत्राचा मान दिला आहे. आपल्या ग्रंथपालनाच्या वर्गांत ती सूत्रे शिकविली जातात. विधीच्या बाबतीत या सूत्राला विशेष अर्थ आहे, कारण येथे वेळ गेला म्हणजे पुष्कळदा हक्कच जातो. हे पुढील उदाहरणावरून दिसून येईल.

४

नातेपुते हे गाव विद्यापीठांच्या कक्षेत कसकसे येत गेले, हे पाहण्याजोगे आहे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ, १९४९ पासून पुणे विद्यापीठ, १९६२ नंतर कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि २००४ पासून सोलापूर विद्यापीठ, जे २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करते, अशी ही परंपरा आहे. विद्यापीठे वाढली आणि जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. ग्रंथ मात्र त्या प्रमाणात गावाच्या जवळ सरकले असे म्हणता येत नाही.

या भागात विधीचे प्रश्न थोडे आहेत काय? नीरा उजव्या कालव्याचे पाणी, खंडकरी शेतकऱ्यांच्या जमिनी, साखर कारखान्यांचे सभासदत्व, सातबाऱ्यावरील नोंदी, हे विषय येथील चावडीवरचे आहेत. नातेपुते येथे ग्रामपंचायतीच्या जागी नगरपंचायत आल्यानंतर नागरिकांना लागू होणारा अधिनियमच बदलला. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे पुस्तक बाजूस ठेवून नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी यांविषयीचा १९६५ चा अधिनियम उघडावा लागला. घरातील एक मुलगा अथवा मुलगी विधिमहाविद्यालयात शिकत आहे असे कळताच शेजारीपाजारी आपले कागद त्याच्यापुढे आणून ठेवतात, हे खेड्यापाड्यांत सर्वत्र दिसते. त्याने सनद घेतलेली नसते, पण गावाचा विश्वास सनदेची वाट पाहत नाही.

समजा, असा एक कागद आला. आळंदी ते पंढरपूर या पालखीमार्गाच्या रुंदीकरणासाठी शेताची एक पट्टी संपादित झाली आहे. भरपाईचा निवाडा झाला आहे. शेतकऱ्याचा प्रश्न एवढाच की, जमिनीच्या किमतीवर दिलासा रक्कम, म्हणजे कचेरीच्या भाषेत सोलेशियम, मिळावयास पाहिजे की नाही, आणि निवाडा मान्य नसेल तर जावे कोठे. प्रश्न दोन ओळींचा आहे. त्याचे उत्तर ग्रंथालयात किती ठिकाणी विखुरले आहे ते पाहावे.

पहिला कागद राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६. भरपाई ठरविण्याची आणि ती अमान्य असल्यास केंद्र शासनाने नेमलेल्या लवादाकडे जाण्याची तरतूद त्याच्या कलम ३-जी मध्ये आहे. पण हे कलम मूळ अधिनियमात नव्हते, १९९७ च्या सुधारणेने आले. त्याच सुधारणेतील कलम ३-जे ने १८९४ चा भूमिसंपादन अधिनियम अशा संपादनांस लागू होणार नाही असे म्हटले, आणि त्यामुळे दिलासा रक्कम बंद झाली. दुसरा कागद २०१३ चा नवा भूमिसंपादन अधिनियम. त्याच्या कलम ३० मध्ये भरपाईच्या शंभर टक्के इतकी दिलासा रक्कम सांगितली आहे. परंतु कलम १०५ आणि चौथी अनुसूची एकत्र वाचली तर महामार्ग अधिनियम त्यातून वगळलेला दिसतो. येथेच थांबणारा वाचक शेतकऱ्याला ‘नाही’ असे उत्तर देईल, आणि ते उत्तर चुकीचे असेल. कारण तिसरा कागद अजून उघडलेला नाही. तो २८ ऑगस्ट २०१५ चा केंद्र शासनाचा आदेश होय. त्याने २०१३ च्या अधिनियमातील भरपाईच्या तरतुदी अनुसूचीतील या अधिनियमांनाही लागू केल्या. हा आदेश राजपत्रात आहे. अधिनियमाच्या जुन्या छापील प्रतीत नाही. चौथा कागद सर्वोच्च न्यायालयाचा १९ सप्टेंबर २०१९ चा तरसेम सिंग प्रकरणातील निर्णय. १९९७ ते २०१५ या काळातील महामार्ग-संपादनांतही दिलासा रक्कम व व्याज नाकारणे घटनेशी विसंगत आहे, असे त्यात ठरले. पाचवा कागद त्याच प्रकरणातील ४ फेब्रुवारी २०२५ चा आदेश. २०१९ चा निर्णय केवळ पुढील काळापुरता मानावा ही महामार्ग प्राधिकरणाची मागणी त्याने अमान्य केली. शेवटी सहावा कागद, लवाद व सलोखा अधिनियम, १९९६. कारण लवादाचा निवाडाही मान्य नसेल तर त्याच्या कलम ३४ खाली तीन महिन्यांच्या आत न्यायालयात अर्ज करावा लागतो. पुरेसे कारण दाखविल्यास न्यायालय आणखी तीस दिवस देऊ शकते, त्यापुढे नाही.

दशांश वर्गीकरणाप्रमाणे भूमिसंपादनाची पुस्तके ३४३ या वर्गांकाखाली आणि लवादाची ३४७ खाली राहतात. निर्णयसंग्रह वर्षवार वेगळ्या कपाटांत, राजपत्रे वेगळ्या गठ्ठ्यांत. वर्गीकरणाचा यात दोष नाही. ग्रंथ ठेवण्यासाठी काहीतरी क्रम लागतोच. परंतु शेतकऱ्याचा प्रश्न वर्गीकरणाच्या क्रमाने येत नाही. विखुरलेल्या सहा कागदांना एका धाग्यात ओवणे हे काम फळी करू शकत नाही, यंत्रही आपण होऊन करीत नाही. ते संदर्भसेवेचे काम आहे. ते झाले नाही तर काय होते, हे वर आलेच आहे. दुसऱ्या कागदावर थांबणारा विद्यार्थी चुकीचे उत्तर देतो, आणि सहावा कागद वेळेवर न सापडणाऱ्या शेतकऱ्याची मुदत निघून जाते. वाचकाचा वेळ वाचविणे म्हणजे काय, ते येथे कळते.

५

हे सर्व कागद आज नातेपुते येथे बसूनही वाचता येतात, हे मान्य केले पाहिजे. केंद्रीय व राज्य अधिनियम शासनाच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ पासून आपल्या अधिकृत निर्णयसंग्रहाची विद्युतीय आवृत्ती सर्वांना खुली केली आणि सुमारे चौतीस हजार निर्णय एकदम लोकांपुढे आले. पूर्वी ज्या खंडांसाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागे, ते आता हातातल्या यंत्रात आहेत. अंतराची अडचण अशी पुष्कळ अंशी सरली. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की ग्रंथालयाची गरजही सरली. या निष्कर्षाशी सहमत होता येत नाही. चौतीस हजार निर्णयांतून कोणता काढावा हे कळणे, ही अडचण अंतराची कधीच नव्हती.

त्यातच भाषेची अडचण आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे कामकाज आणि विधीचे प्राधिकृत पाठ इंग्रजीत असतात. दुसऱ्या टोकास, महाराष्ट्रातील दुय्यम न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ठरली आहे. म्हणजे माळशिरसच्या न्यायालयात मराठीतून युक्तिवाद करावयाचा आणि त्याला आधार मात्र इंग्रजीतून शोधावयाचा, अशी ही दुहेरी वाट आहे. केंद्रीय अधिनियमांच्या प्रादेशिक भाषांतील अनुवादांना प्राधिकृत पाठाचा दर्जा देणारा अधिनियम १९७३ साली झाला. राज्याच्या भाषा संचालनालयाने अनुवादाचे आणि न्यायव्यवहार कोशासारखे परिभाषेचे काम केले आहे. निर्णयांच्या अनुवादाचे काम मात्र अगदी अलीकडचे. २०२३ च्या प्रजासत्ताकदिनी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय भाषांतील एक हजार दोनशे अडुसष्ट अनुवादित निर्णय प्रसिद्ध केले. त्यांत हिंदीतील एक हजार एक्याण्णव होते आणि मराठीतील चौदा. त्यानंतर ही संख्या वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु आरंभ कोठून झाला हे विसरता कामा नये.

अनुवाद झाले म्हणजे शोध सोपा होतो असेही नाही. एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. शेतरस्ता अडविला गेला असता दाद मागण्यासाठी १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम उपयोगी पडतो. बांधावरून रस्ता मिळण्याविषयी १९६६ च्या जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे. आजचा विद्यार्थी तालिकेत ‘तहसीलदार’ हा शब्द शोधील, कारण कचेरीच्या पाटीवर तोच आहे. ‘मामलेदार’ हा शब्द अधिनियमाच्या नावात अडकून राहिला आहे. त्याचप्रमाणे ‘भूसंपादन’ आणि ‘भूमिसंपादन’, ‘दिलासा रक्कम’ आणि ‘सोलेशियम’, ‘फेरफार’ आणि ‘म्युटेशन’. एका शब्दाखालून दुसऱ्याकडे नेणारी ‘पाहा’ अशी एक ओळ तालिकेत असेल तर वाचक पोचतो, नसेल तर रिकाम्या हाताने परततो आणि या विषयावर ग्रंथालयात काही नाही असे समजतो.

मराठीत सूचिकार्याची परंपरा दुबळी नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९३८ ते १९५० या काळांतील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. ज्या भाषेत एका व्यक्तीच्या चिकाटीने दीडशे वर्षांचे मुद्रित वाङ्मय सूचीबद्ध होऊ शकते, त्या भाषेत विधिविषयक शब्दांची व लेखांची एक चालती सूची राखणे अशक्य आहे असे कोण म्हणेल? दिल्लीच्या भारतीय विधि संस्थेने १९६३ पासून भारतीय विधिनियतकालिकांची सूची इंग्रजीतून चालविली आहे. तिचा नमुना आपल्यापुढे आहे.

६

येथे दोन आक्षेप संभवतात आणि दोन्हींची दखल घेणे न्याय्य होईल. पहिला असा की, ग्रंथपाल हा वकील नव्हे; विधीचा अर्थ सांगणे हे त्याचे काम नाही आणि त्याने ते करू नये. हा आक्षेप तत्त्वतः मान्य आहे. परंतु अमुक शेतकऱ्याला दिलासा रक्कम मिळेल असे सांगणे वेगळे आणि या विषयावर कोणते सहा कागद कोणत्या क्रमाने पाहावेत हे सांगणे वेगळे. पहिला सल्ला आहे, दुसरा निर्देश आहे. वैद्य नसलेला माणूसही दवाखान्याची वाट दाखवू शकतो. निर्देशाचे काम टाळण्यासाठी सल्ल्याची भीती पुढे करणे बरोबर नाही.

दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा. ग्रंथपालाची पदे रिकामी राहतात आणि एकाच व्यक्तीला देवघेव, खरेदी, तपासणीची कागदपत्रे हे सर्व पाहावे लागते. ही वस्तुस्थिती गंभीर आहे आणि तिचा परिहार या लेखाने होणार नाही. मात्र जे पत्रक आज निघतच आहे, त्यातील जागा कशासाठी खर्च करावयाची, हा प्रश्न मनुष्यबळाचा नसून विवेकाचा आहे. शिवाय विभागात पदव्युत्तर विद्यार्थी आहेत. एका सत्रात एका विद्यार्थ्याने अध्यापकाच्या देखरेखीखाली एका विषयाची निर्देशपत्रिका तयार केली, तर पाच वर्षांत माळशिरस तालुक्याला लागणाऱ्या बहुतेक प्रश्नांची वाट आखली जाईल. संशोधनाचे शिक्षण म्हणून या कामाची योग्यता एखाद्या प्रबंधिकेहून कमी ठरणार नाही.

पत्रकातील नोंद कशी असावी, याचा एक नमुना देऊन पाहतो. ‘विषय : राष्ट्रीय महामार्गासाठी घेतलेल्या जमिनीची दिलासा रक्कम. काय घडले : २०१९ चा तरसेम सिंग निर्णय पुढील काळापुरता मर्यादित करण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी अमान्य केली. कोणत्या प्रकरणांशी संबंध : १९९७ ते २०१५ मधील संपादने, त्यानंतरच्या संपादनांसाठी २०१३ चा अधिनियम व २८ ऑगस्ट २०१५ चा आदेश पाहावा. कोणती पुस्तके सावधपणे वाचावीत : महामार्ग अधिनियमावरील २०१९ पूर्वीची भाष्ये, विशेषतः कलम ३-जे. मुदत : लवादाच्या निवाड्याविरुद्ध तीन महिने. शोधशब्द : भूसंपादन, भूमिसंपादन, दिलासा रक्कम, सोलेशियम.’ ही नोंद एका पोस्टकार्डावर मावते. दाखल क्रमांकांच्या यादीला लागते त्याहून अधिक जागा तिला लागत नाही, आणि ती नातेपुते येथे पोचते तेव्हा तिचा अर्थ पोचण्यापूर्वी होता तेवढाच शाबूत असतो.

निर्णयाची प्रतही सोबत पाठविता येईल. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ प्रमाणे, न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर, न्यायनिर्णयाची नक्कल प्रसिद्ध करणे हा अधिकारभंग होत नाही. ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली केलेला भेद तेवढा ध्यानात ठेवावा : निर्णयाची मूळ संहिता सर्वांची आहे, संपादकाने आपल्या कौशल्याने घातलेली टिपणे त्याची स्वतःची आहेत. तेव्हा खाजगी संग्रहाच्या पानाची छायाप्रत पाठविण्याऐवजी न्यायालयाच्या अधिकृत संग्रहातील प्रत पाठवावी. यात खर्च नाही आणि अडथळाही नाही.

जुन्या पुस्तकांविषयीही एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. दंड संहितेवरील प्रत्येक भाष्याच्या आतल्या पानावर एक चिठ्ठी चिकटवावी : ‘१ जुलै २०२४ पूर्वीच्या अपराधांसाठी प्रमाण. त्यानंतरच्या अपराधांसाठी भारतीय न्याय संहिता पाहावी.’ दोन वाक्यांची ही चिठ्ठी त्या पुस्तकाला फळीवर राहण्याचा अधिकार देते आणि वाचकाला फसण्यापासून वाचविते. ग्रंथालयाने दिलेली ही सर्वांत लहान बातमी होय. कदाचित सर्वांत उपयुक्तही.

सारांश, विधिग्रंथालयाच्या वृत्तात ग्रंथालयाच्या घडामोडींना गौण आणि विधीच्या घडामोडींना प्रमुख स्थान असावे. कोणता विधी आज उभा आहे, तो कोठे सापडेल, कोणत्या शब्दाने सापडेल आणि किती दिवसांत हालचाल केली पाहिजे, या चार प्रश्नांची उत्तरे ज्या पत्रकात आहेत, ते पत्रक वाचनकक्षाच्या भिंतीबाहेरही ग्रंथालयाचे काम करील. इमारत, कपाटे आणि वर्गणी यांवर होणारा खर्च सार्थकी लावण्याची जबाबदारी शेवटी या चार ओळींवरच येऊन पडते. ती उचलण्याचा आरंभ विद्यापीठाच्या विभागांनी पुढील सत्राच्या पत्रकापासून करावा.